पाण्याखालची कौलं

शेवटच्या आजारपणात आमच्या मालकांना मोबाइलवरच्या एका खेळाचा नाद लागला होता. नाद म्हणजे किती, तर सकाळी चहाची बशी तोंडाला लावायच्या आधी विचारायचे, "मासं लागलं का?" गेल्या दिवाळीच्या आधी ते गेले. तेव्हापासून हे कुणाला तरी सांगावं असं मनात आहे. पण सांगायला गेलं की लोक हसतात, ते हसले की मलाही हसू येतं, आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले.

त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. लोणावळ्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा हात-पाय हळूहळू वळणावर आले, पण डोकं काही आलं नाही. आठवण उसवत गेली, आणि उसवली ती अलीकडच्या टोकाकडून. आधी दुपारचं जेवण विसरायला लागले. मग मुलाचं लग्न. मग खंडाळ्याचा तो बंगला, जिथं त्यांनी उभी हयात माळीकाम केलं. आणि मग मी. सगळा जन्म मला "अगं ए" म्हणून हाक मारणारा माणूस, एक दिवस माझ्याकडं बघून म्हणाला, "मावशी, तुमी जेवला का?" खरं सांगते, एवढ्या मायेनं त्यांनी मला आधी कधी विचारलं नव्हतं. अनोळखी झाले तेव्हा विचारलं.

डॉक्टर म्हणाले होते, बोटांना काहीतरी चाळा पाहिजे. नात वडगावला कॉलेजात जाते, तिनं तिच्या जुन्या मोबाइलवर हा खेळ घालून दिला. सगळं जग बुडालेलं असतं. पाणीच पाणी. त्यावर फळ्यांचा एक तराफा आणि तराफ्यावर एक माणूस, गळ टाकून बसलेला. बस, एवढंच. गळ आपोआप पडतो, मासा आपोआप लागतो. मोबाइल बंद करून आपण झोपलो तरी तो बापडा तिथं मासे धरतच असतो. आपण अधूनमधून बोट लावून टोपली रिकामी करायची. माशांच्या बदल्यात शिंपले मिळतात, शिंपल्यांच्या बदल्यात फळ्या, फळ्या जोडल्या की तराफा मोठा होतो. मी नातीला म्हटलं, "अगं, ह्यात खेळायचं काय?" ती म्हणाली, "आजी, ह्यात काही करायचं नसतं, म्हणून तर आजोबांना दिलाय."

मला नवल वाटलं. आमच्या आयुष्यात आपोआप झालेलं मला काही आठवत नाही. एक पाणी तेवढं आपोआप चढलं.

ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचं मूळ गाव धरणात गेलं. मी लग्न होऊन त्या गावात आले आणि पुढच्याच पावसाळ्यात पाणी अडवलं. जेमतेम वर्षभर नांदले मी त्या घरात. लोकांना वाटतं गाव बुडतं म्हणजे पुरासारखा लोंढा येतो. तसं काही नसतं. पाणी हळू येतं, आणि ते यायच्या आत आपणच आपलं घर उकलायचं असतं. कौलं उतरवायची, वासे काढायचे, दारं चौकटीसकट उपटायची, बैलगाडीत भरायचं. नव्या जागी लाकूड कुठून आणणार? आमच्या घराची कौलं मालकांनी स्वतः उतरवली होती. ते वर आढ्यावर बसलेले, खाली सासूबाई पदर खोचून उभ्या, आणि मधे मी, एकेक कौल हातात घेऊन पुढं देणारी. कान्हे गावात आत्ता राहतो ते घर त्याच वाशांवर उभं राहिलं. म्हणजे पाण्याखाली गेली ती नुसती जोती. छपरं गेलीच नाहीत.

पण त्या खेळात छपरं होती. तराफा मोठा झाला की पाण्याखाली दिसायला लागायची. लाल कौलांची, उतरती, हुबेहूब आपल्याकडच्यासारखी. मालकांनी पहिल्यांदा बघितली तेव्हा मोबाइल नाकाला लावला आणि म्हणाले, "हे सुताराचं. त्याच्या शेजारी आमचं. आई आत आसंल."

सासूबाई कान्ह्याच्या घरात, माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेल्या, त्याला किती वर्षं झाली. पण सकाळी खाल्लेलं ज्या माणसाला आठवत नाही, तो कुणाच्या परसात फणस होता, नदीच्या कुठल्या डोहात वांब मासळी सापडायची, हे धडाधड सांगत होता. कोण मधे बोलेल? मला तर ऐकायची चटकच लागली. दुपारी भांडी आटोपली की मी कॉटच्या कडेला जाऊन बसायची, आणि गाव ऐकायची.

मोठा मासा लागला की हुकूम सुटायचा, "मावशी, मसाला वाटा!" मग मी कामशेतच्या बाजारातले सुके बोंबील भाजून ताटात वाढायची. ते एक तुकडा चाखायचे आणि ताट मागं सारायचे. "ह्यो आपला न्हाई. ह्यो खारा हाय." समोरच राहणारी माझी जाऊ, ती पण त्याच गावची, दारातून ओरडायची, "भावजी, येवढं मासं धरता, आमच्या चुलीपातुर एक बी येत न्हाई, कुनाला इकता?" त्यावर हे गंभीरपणे सांगायचे, "पानी उतरू द्या. मग देतो."

पाणी उतरू द्या. ते शब्द माझ्या डोक्यात बसले.

आमच्याकडं रीत आहे. वैशाखात धरणाचं पाणी मागं हटतं, तेव्हा जुन्या गावची जोती उघडी पडतात. ज्याची त्याची माणसं तिथं जातात. देव तर केव्हाच नव्या जागी आणलाय, पण घराला नैवेद्य जुन्याच जागी लागतो. आपलं घर कसं ओळखायचं, तर उखळावरून. माजघराच्या फरशीत बसवलेलं दगडी उखळ काही कुणाला उपटून नेता आलं नाही, ते तसंच राहिलं. बाया त्यातला गाळ उपसतात, धरणाचंच पाणी घेऊन धुतात, हळदकुंकू लावतात आणि मूठभर भात कांडतात. जोत्यानं वर्षभर उपाशी राहू नये, असं सासूबाई म्हणायच्या.

लग्न झाल्यावर त्या उखळावर मीच कांडायची. हे दारात येऊन बसायचे आणि माझा घाव चुकला की हसायचे. नवी नवरी, बोलायची चोरी, मी नुसती मुसळ जोरात आपटायची. आमचं नवराबायकोचं पहिलं बोलणं म्हटलं तर ते. म्हणून माझ्या मनानं घेतलं, की ह्यांना तिथं न्यावं. जिथून मी त्यांच्या आठवणीत शिरले, तिथंच उभी राहिले तर ओळखतील. दुसरं काही नको होतं मला. एकदा नुसतं ओळखावं.

मुलगा नको म्हणत होता. "आये, त्यांना उनाचं सोसंल का?"

"तुला काय कळतंय," मी म्हटलं, "टेम्पो काढ."

त्याच्या टेम्पोत मागं गादी टाकली, मोठी छत्री घेतली, भात घेतला, पुरणपोळी घेतली, आणि माळ्यावरचं मुसळ काढून पुसून घेतलं. जाऊ बघत होती. म्हणाली, "येवढी नटली कुटं? परत लगीन लावती का काय?" मी खरंच नवं लुगडं नेसले होते.

वाटेत ते खुशीत होते. मोबाइल हातात, टोपली रिकामी करत बसलेले. धरणाच्या पोटात गाडी जाईल तिथवर नेली, मग मुलानं आणि मी दोन्हीकडून धरून चालवलं. भेगाळलेला गाळ, सुकलेले शिंपले, आणि दगडांच्या रांगा. आमच्या जोत्यापाशी आणून मी म्हटलं, "बघा. आलं आपलं घर."

त्यांनी चहूकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"पानी कुटं गेलं?"

"उतरलं की. तुमीच म्हनत व्हता."

"आन छप्पर? छप्पर कुनी नेलं?"

मी सहज बोलून गेले, "आपनच नेलं न्हाई का. तुमीच उतारली कौलं."

"मी?" असं म्हणून त्यांनी आपल्या हातांकडं बघितलं. मोबाइल खाली गाळात पडला, मुलानं उचलला. मला वाटलं, आता बोलत बसण्यापेक्षा लवकर कांडावं. मी उखळातला गाळ ओंजळीनं काढला, धुतलं, कुंकू लावलं, भात घातला आणि उभी राहून मुसळ घातलं. दगडाचा तो आवाज घरातल्या आवाजासारखा नाही, मोकळ्यावर लांबपर्यंत जातो.

मुलाचा हात सोडून ते एकटे, भिंतीला धरावं तसं हवेला धरत, माझ्याकडं आले. मी मुद्दाम घाव चुकवला.

"आई," ते म्हणाले. "आई, तू हितं हाईस व्हय?"

माझे हात थांबले. आवाज थांबला तसे ते जवळ आले, माझ्या तोंडाकडं बघितलं, अगदी जवळून, आणि त्यांचं तोंड पडलं. दारात आईच्या जागी परकी बाई दिसल्यावर लेकराचं पडतं तसं.

"तुमी कोन?" ते म्हणाले. "आमची आई कुटं हाय?"

काय सांगणार होते मी? पाणी असतं तर खाली आहे म्हटलं असतं. इथं तर तळ दिसत होता. मुलगा तोंड फिरवून उभा राहिला. मालक त्या जोत्यावर बसले आणि रडायला लागले, मोठ्यानं, तोंड न झाकता. दुसऱ्या जोत्यावरच्या बाया हातातलं टाकून उभ्या राहिल्या. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा ते असे रडले नव्हते. तेव्हा कर्ता पुरुष होते, लोकांना आवरत होते. ते रडणं आत्ता निघालं. नैवेद्य तसाच ठेवून आम्ही निघालो.

घरी आल्यावर त्यांनी मोबाइलला हात लावला नाही. समोर धरला तर मान फिरवायचे. खाणं कमी झालं. भिंतीकडं तोंड करून पडायचे आणि कुणाची चाहूल लागली की एकच विचारायचे, "पानी आलं का?" सून म्हणायची आलं म्हणून सांगा. पण मी खोटं कशी सांगू? उन्हाळा होता, बाहेर धूळ उडत होती, ते त्यांनाही दिसत होतं. माझी जाऊ एरवी माझी पाठ सोडत नाही, पण तिनंही मला एका शब्दानं विचारलं नाही की काय झालं.

आषाढ सरता सरता मुलगा बाहेरून ओलाचिंब आला आणि दारातूनच म्हणाला, "धरण भरलं."

मी हात पुसले आणि नातीला म्हटलं, "तो खेळ लाव." इतके दिवस बंद होता, पण तो तराफ्यावरचा माणूस काही थांबला नव्हता. टोपली काठोकाठ भरून गेली होती. मी कॉटवर त्यांच्या पाठीशी बसले आणि म्हटलं, "पानी आलं."

त्यांनी हळूच मान वळवली. बराच वेळ बघून म्हणाले, "छपरं हाईत."

"व्हय. हाईत."

"समद्यांची?"

"समद्यांची हाईत. सुताराचं हाय, तुमचं हाय."

"आई?"

"आतच हाईत त्या," मी म्हटलं. आणि हे म्हणताना मला कळत होतं, की त्यांच्या त्या घरात एकट्या सासूबाईच आहेत, मी अजून आलेलीच नाही. माझं लग्नच झालेलं नाही. त्या गावात मला शोधून उपयोग नव्हता.

त्यांनी सुस्कारा सोडला. तोंडावर जरा रंग आला. मग माझ्याकडं बघून, पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "तुमी कुनाच्या, मावशी?"

वैशाखात हेच विचारलं तेव्हा माझी वाचा गेली होती. ह्या वेळी मी पदर नीट घेतला. म्हटलं, "वरल्या आळीची. नदीवर येते की मी, तुमच्या आईसंगं. बघितलं न्हाई का कधी?"

"आसंल," ते म्हणाले. "बाया लय येत्यात नदीला." आणि भिंतीकडं सरकून त्यांनी मला ऐसपैस जागा करून दिली. "बसा. पाय वर घ्या, भिजतील."

मी पाय वर घेतले. मोबाइल आमच्या दोघांच्या मधे होता. गळ हलला, चांगला हातभर मासा लागला.

"न्या तुमच्या घरला," ते म्हणाले.

"आज सोमवार हाय, भाऊ."

"मग राहू दे," ते म्हणाले, आणि बोट बाजूला घेतलं.