महाराजांचा जांभळा घसा

समस्त मराठी रसिकांस कळवण्यास अत्यंत दुःख होते, की त्या वर्षी ऐन गणेशोत्सवाच्या तोंडावर बंगळूरमुक्कामी महाराजांच्या घशात बुरशी आली.

महाराज म्हणजे राजाजीनगरातले आमचे शेजारी. एरवी कारखान्यात नकाशे काढत. गणपतीच्या नाटकात मात्र दरवर्षी राजा तेच. "गळा सांभाळा हो," हे त्यांचं पालुपद. असा एखादा तुमच्याही आळीत असेल. भर मे महिन्यात मफलर, दह्याला शिवायचं नाही, पेरू तर जन्माचा वैरी. दाढेखाली सदैव खडीसाखर. शेजारी कोणी शिंकलं, की हे खिशातून अँटिबायोटिकच्या नव्या रंगीत कॅप्सूल काढून स्वतःच गिळणार. "खबरदारी," म्हणायचे.

तालमी सुरू झाल्या आणि महाराजांना घोट गिळवेना. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर इथल्याच जुन्या मराठी घराण्यातले, निम्मं कानडी बोलणारे.

"अण्णा, स्वल्प तोंड उघडा." त्यांनी बॅटरीने आत पाहिलं. "बुरशी आहे."

"बुरशी? मी काय लोणचं आहे?"

"घशात इतक्या आत ती सहसा जात नाही. तुम्ही पाट मांडून बोलावलीत. कॅप्सूल खाऊन चांगले जंतू मारलेत. मधुमेह, तरी तोंडात साखर. झोपताना कवळीही काढत नाही, सरी ना, बरोबर ना?"

महाराज माझ्याकडे बघत राहिले. पेरूचं नावसुद्धा निघालं नव्हतं.

डॉक्टरांनी जांभळं औषध फासलं आणि बजावलं, गणपती होईपर्यंत एक शब्द नाही. बोललात तर आवाज कायमचा जाईल.

राजाची भूमिका दुसऱ्याकडे गेली. महाराजांना भालदार केलं. भाला धरून गप्प उभं राहायचं. तालमीत ते नव्या राजाचं प्रत्येक वाक्य नुसत्या ओठांनी म्हणत. मला आधी हसू यायचं. मग यायचं बंद झालं.

प्रयोगाला नवा राजा नेमका फर्मानाशी अडखळला. विंगेतून कुजबुज झाली, ती त्याला ऐकू येईना. प्रेक्षक खोकू लागले. तेव्हा भालदार एक पाऊल पुढे आला आणि त्याने फर्मान सोडलं. आवाज फाटका, घोगरा, पण राजाचा. वाक्य संपलं तरी तोंड तसंच उघडं, दिव्यांच्या झोतात आतून जांभळंगर्द.

तो आवाज पुढे कधी परतला नाही. आता महाराजही नाहीत. पण त्या क्षणी सगळं सभागृह श्वास रोखून बसलं होतं, आणि पहिल्या रांगेतून डॉक्टर ताडकन उठून ओरडले,

"अण्णा, स्वल्प तोंड बंद करा!"