सेव्ह होण्याआधीच दिलेला शब्द

मंडळी, आपण सगळेच ऑनलाइन नकाशात राहिलेले रस्ते भरतो, म्हणून आज माझ्या हातून जे झालं ते तुम्हाला सांगायला हवं.

सकाळी नेकनूरजवळच्या एका वस्तीवर गेलो होतो. ऑनलाइन नकाशावर तिथला रस्ताच नाही. नकाशा बघत आलेली ॲम्ब्युलन्स ओढ्यापलीकडे अडकते आणि वस्तीतली तरणी माणसं पेशंटला खाटेवर उचलून नेतात.

आज तीच माणसं ऊसतोडीला निघाली होती. त्यांच्यातल्या अर्जुनचा पाय मात्र निघत नव्हता. बायकोचे दिवस भरत आलेले, घरी फक्त म्हातारी आई.

त्याच्यासमोरच मी लॅपटॉपवर रस्ता काढला.

"सर, बांधावरनं वळवा. खाली लई चिखल हाय."

मी सेव्ह दाबलं. चक्र फिरत राहिलं.

"झालं का, सर? जाऊ का मी?"

"झालं. जा बिनधास्त."

"सर म्हनतेत तर जा की," आई म्हणाली. तो ट्रॅक्टरवर चढला. मीही एसटी गाठायला लॅपटॉप मिटला.

बीडला येऊन पाहिलं, तर नकाशावर रस्ता नाही. सर्व्हरपर्यंत काही पोचलंच नव्हतं. स्क्रीनवर रेघ दिसली आणि मी काम झालं असं धरून चाललो. दुपारपासून पुन्हा काढतोय, दर वेळी सेव्ह फसतंय. तुमच्यापैकी कुणाकडे सेव्ह होतंय का? मी रस्त्याच्या खुणा पाठवतो.

अर्जुनला फोन करून खरं सांगितलं. फोनमध्ये मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

तो म्हणाला, "उचल घेतलीया. आता मुकादम मला उतरू देतोय व्हय, सर?"