वरच्या अंगाचं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. भाषणं पुष्कळ केली. शाळेत केली, विहारात केली, निवृत्तीनंतर गावोगावच्या पर्यावरण दिनांनाही केली. सोसलेलं सगळं बोललो. एवढं एकच गाळत आलो. कारण इथं बोट दाखवायचं तर ते माझ्याकडेच वळतं.

देवरुखच्या पुढे, डोंगराला लागून आमचं गाव. मधून पऱ्या वाहतो. पावसाळ्यात माणूस ओढून नेणारा हा ओढा शिमग्याला कोरडा ठाक पडतो. म्हणून दिवाळीनंतर गाव श्रमदानानं त्यावर वनराई बंधारा घालतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची, एकावर एक रचून पाणी अडवायचं. त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्या बौद्धवाडीलाही बोलावणं आलं. मी नुकताच मास्तरकीतून निवृत्त झालो होतो. निरोप घेऊन मीच वाडीत फिरलो. "निसर्गाचं काम आहे, यात कसली जात," असं दारोदार सांगितलं.

माझी वयनी, थोरल्या भावाची बायको, भात पाखडत होती. म्हणाली, "तुम्ही सांगताय तर येते, भावजी. पन ती लोकं पानी देतील ना?"

"अगो, पाण्यासाठीच तर जातोय," मी हसलो.

दिवसभर एकच साखळी होती. गावातला हात, मग आमचा हात, मग परत गावातला. कुणाचा हात कुणाला लागला हे कुणी पाहिलं नाही. थट्टाही चालली होती. वरच्या वाडीतला एक जण ओरडला, "काकी, गोणी हलकी भरा, माझी कंबर मोडंल!"

"घरात काडी उचलत नायस," वयनी म्हणाली, "तुझी कंबर मोडंल कशी?"

सगळे हसले. मला वाटलं, झालं. बदललं गाव.

उन्हं कलता पाणी चढलं. बंधाऱ्यामागं लहानसं तळं झालं. वयनी कोपरापर्यंत चिखलानं माखलेली. ती पाण्यात उतरली, हात धुतले आणि प्यायला ओंजळ भरली.

गावच्या बंधारा समितीचे अध्यक्ष माझ्याजवळ आले. तिच्याशी बोलले नाहीत. माझ्याशी बोलले. "गुरुजी, तुमच्या माणसांना जरा सांगा. जलपूजन व्हायचंय. हातपाय खालच्या अंगाला धुवा म्हणावं."

त्याच पाण्यात, पलीकडे, गावातल्या बायका तोंड धूत होत्या. ते अध्यक्षांनी पाहिलं. मीही पाहिलं.

मला खुर्ची दिली होती. गळ्यात हार होता. माझं भाषण व्हायचं होतं. पाणी सगळ्यांचं असतं, या विषयावर.

खुर्चीवरून न उठता मी म्हणालो, "वयनी, खालच्या अंगाला जा."

तिनं ओंजळ सोडली. बंधाऱ्याच्या कडेनं खाली उतरली. वाडीतल्या बाकीच्या बायका तिच्या मागून.

खाली पाणी नव्हतं. कसं असेल? दिवसभर आम्हीच अडवलं होतं. नुसते धोंडे आणि ओली रेती.

तिथं उभी राहून तिनं वर पाहिलं. रागानं नाही. मला शोधत होती. मी मान खाली घातली. मग तिनं ऐनाचा पाला तोडला, त्यानं हात पुसले आणि घरी गेली.

मी भाषण केलं. टाळ्या पडल्या.

त्या दिवसापासून तिनं मला भावजी म्हटलं नाही. गाव म्हणतं तसं "गुरुजी" म्हणू लागली. आई गेल्यावर जिनं मला पेज भरवली, त्या बाईचा मी गुरुजी झालो. ती पुन्हा बंधाऱ्यावर आली नाही. मी दरवर्षी गेलो. शाल घेतली. वाडीनं दरवर्षी गोण्या भरल्या आणि चिखलाचे हात घेऊन घरी आली.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. तिच्यापाशी बसलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तोंडातून आलं भलतंच. "वयनी, यंदा बंधारा चांगला भरलाय हो."

डोळे मिटूनच तिनं विचारलं, "कुठल्या अंगाला, गुरुजी?"

मी चमच्यानं तिला पाणी पाजत राहिलो. दोन दिवसांनी ती गेली.

परवा यंदाचा बंधारा झाला. खुर्ची होती, शाल होती. मी चपला काढल्या आणि वरच्या अंगाला गुडघाभर पाण्यात उतरलो.

"गुरुजी, पूजा व्हायचीय अजून!"

मी ओंजळ भरली. प्यालो. काठावर उभ्या वाडीतल्या बायकांना हाक मारली, "या गो, इथं धुवा हात." काही उतरल्या. काही बिचकल्या.

अध्यक्ष म्हणाले, "ह्या वयात हे काय, गुरुजी?"

"ह्याच वयात," मी म्हटलं. "आधी आमचे हात, मग तुमचा नारळ. नाहीतर पुढच्या वर्षी वाडी गोणीला शिवणार नाही. दारोदार मीच सांगेन. तेव्हाही मीच सांगितलं होतं."

अंगात जीव आहे तोवर दरवर्षी याच पाण्यात उभा राहणार आहे. खुर्चीत बसणार नाही. यानं माझं काही फिटत नाही, हे मला ठाऊक आहे. जिच्यासाठी उठायचं होतं, ती नाही. सगळे गेल्यावर मी खाली, त्या कोरड्या धोंड्यांत जाऊन उभा राहिलो. वर पाहिलं. आणि तेव्हा म्हणायचं होतं ते म्हटलं.

वयनी, चुकलं माझं. वर ये.