विकतचे वडाम
कढईत वडाम फुलले की त्या हिंगाच्या वासानं मला तंजावूरचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. नव्वदच्या दशकात आई नुकतीच नोकरीला लागली होती आणि त्या उन्हाळ्यात तांदळाचे वडाम गच्चीवर वाळत घालायचे राहूनच गेले. सणाला तिनं दुकानातले आणून गुपचूप तळले. शेजारच्या मामींनी एक मोडून विचारलं, “घरचेच ना? आईनं मुलांना विकतचं वाढू नये.” आईचा चेहरा उतरला. तिला जिची सगळ्यांत धास्ती, त्या आत्याच्या हाती नेमकं रिकामं पाकीट लागलं होतं. आत्यानं ते शांतपणे कमरेला खोचलं. “घरचेच. मीच घातले.” मामी गेल्यावर आईला म्हणाली, “पुढच्या वेळी दोन पाकिटं आण गं, एवढे पुरत नाहीत.” आज मी पाकीट सगळ्यांदेखत फोडते आणि पहिला वडाम आत्याच्या नावानं बाजूला काढते.