दोन दंडांचं लुगडं

२० नोव्हेंबर १९६६, रविवार, सकाळचे साडेनऊ. घरात रोख अकरा रुपये चाळीस पैसे. हजर तिघं: मी, माझी पत्नी आणि भाऊबीजेला आलेली, अजून परत न गेलेली माझी मोठी बहीण. तिघांच्या मध्ये जमिनीवर एक हिरवं नऊवारी लुगडं पसरलेलं होतं आणि माझ्या हातात लोखंडी मीटरपट्टी होती.

चिखलीपासून पाच मैलांवर आमचं गाव. मी तिथल्या सेवा सोसायटीचा चिटणीस. पंचायत समितीनं गावात बायकांसाठी शिवणवर्ग काढायचं ठरवलं होतं. शिकवणाऱ्या बाईची जागा एक, मानधन महिना चाळीस रुपये, मुलाखत शुक्रवारी २५ तारखेला चिखलीत. येताना शिवणकामाचा किंवा भरतकामाचा नमुना आणायचा होता. पत्नी सातवी पास होती आणि हातशिलाई तिला माहेरापासून येत होती. अर्ज तिनं स्वतः लिहिला. मुलाखतीचं जे बोलावणं आलं, ते लग्नानंतरच्या दहा वर्षांत तिच्या नावानं आलेलं पहिलं पत्र होतं. त्याआधी आमच्या घरी येणारं प्रत्येक पाकीट माझ्या नावाचं असे. ते पत्र तिनं देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलं होतं आणि येता-जाता त्यावरची धूळ पुसायची, म्हणजे नसलेली.

अडचण लुगड्याची होती. बाहेर नेसण्याजोगं एकच, हेच हिरवं, आणि तेही बसण्याच्या जागी इतकं विरलेलं की दाराच्या उजेडात धरलं तर पलीकडचा माणूस ओळखू यावा. नवं लुगडं सत्तावीस रुपयांच्या आत नव्हतं. दिवाळी नुकतीच झाली होती. मुलांचे कपडे आणि बहिणीचं भाऊबीजेचं लुगडं यांत जे होतं ते संपलं होतं. उधारी मी करत नसे. दुसऱ्यांच्या उधाऱ्या वसूल करणारानं ती करू नये असं माझं मत होतं, अजून आहे.

बहीण म्हणाली, "माह्यं नवं लुगडं नेस अन् जा. एक दिवसानं काय झिजते ते?"

पत्नी म्हणाली, "नाही अक्काबाई. ओवाळणीत दिलेलं परत घेत नसतात. आपण याले दंड घालू."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लुगडं मध्येच विरलं की विरलेला भाग कापून काढायचा आणि चांगली दोन टोकं जोडायची, या जोडाला दंड म्हणतात. जोड निऱ्यांमध्ये दडेल अशा बेतानं कापलं, तर बाहेरून कोणाला काही कळत नाही. आमच्याकडे घरोघर दंडाची लुगडी होती आणि घरोघर ती लपवली जात. सगळी मदार मोजणीवर. मोजणी म्हटल्यावर मी बसून कसा राहणार? सोसायटीत कंट्रोलचं, म्हणजे सरकारी दराचं, कापड यायचं, त्यासाठीची मीटरपट्टी रविवारी माझ्याकडेच असे. मी ती आणली.

पत्नी दुसरं टोक धरून म्हणाली, "पदराकडून चार मोजा, तिथं खूण करा. मग सव्वा मोजून दुसरी."

मी पट्टी चार वेळा टाकली, खडूची रेघ मारली. पुन्हा सव्वा पट्टी मोजली, दुसरी रेघ मारली. दोन्ही रेघा गुण्या लावल्यासारख्या काटकोनात सरळ. खूण माझी, कात्री तिची. कापून झाल्यावर तिनं पदराकडचा तुकडा दाराशी नेऊन उजेडात धरला आणि ती तशीच उभी राहिली.

"अवो," ती म्हणाली, "विरलेलं तं इथंच हाय अजून."

मग मला कळलं. तिनं सांगितले होते वार. मी मोजले होते मीटर. गेली चार-पाच वर्षं सोसायटीच्या वहीत रोज मीटर लिहून लिहून 'चार मोजा' म्हटलं की माझा हात मीटरच मोजत होता. मीटर वारापेक्षा सव्वातीन इंचांहून थोडा जास्त. चारांवर फरक साडेतेरा इंच. म्हणजे साडेतेरा इंच विरलेलं कापड लुगड्यातच राहिलं आणि दुसऱ्या बाजूचं पावणेअठरा इंच चांगलं, धडधाकट कापड कापून बाहेर आलं. हा हिशेब मी तिथल्या तिथे खडूनं जमिनीवर मांडला. तो बरोबर होता. त्याचा काही उपयोग नव्हता.

बहीण हसायला लागली ती थांबेचना. "वा रे हिशेबनीस! सोसायटीचा एक पैसा इकडचा तिकडं नाही होत, अन् बायकोचं लुगडं अर्धा वार चुकलं! कोणाले सांगू आता मी हे?"

"कोणालाच सांगू नको," मी म्हणालो.

"सांगतेच मी," ती म्हणाली. दुपारपर्यंत विहिरीवर सगळ्यांना कळलं होतं.

उपाय एकच होता. विरलेले साडेतेरा इंच कापून टाकायचे आणि चांगला पावणेअठरा इंचांचा तुकडा मध्ये जोडायचा. लुगडं पावणेआठ वार भरलं असतं. पत्नी अंगानं बारीक, तिला ते पुरलं असतं. पण एका दंडाचे दोन दंड होणार होते. तिनं कच्चे टाके घालून नेसून पाहिलं. एक दंड निऱ्यांत गेला. दुसरा मागून आडवा, मांडीच्या जरा वर, अगदी उघड्यावर आला. पुढे-मागे ओढून, काष्टा सैल करून, घट्ट करून पाहिलं. हटेना. वर तो मधला तुकडा आजूबाजूच्या कापडापेक्षा अंमळ गडद दिसत होता.

मी म्हणालो, मुलाखतीला नाही गेलं तर काय होईल? हे मी बोलायला नको होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, फळीकडे पाहिलं. गावात अशी जागा एक निघाली होती, दुसरी निघणार नव्हती. दुसऱ्या कोणाला मिळाली की संपलं.

थोड्या वेळानं ती उठली, डब्यातून भरतकामाच्या दोऱ्याच्या लच्छ्या काढल्या. दोन पिवळ्या, तीन पांढऱ्या. नमुन्याचा रुमाल भरायला त्या चिखलीहून आणल्या होत्या. रुमालाचं कापड तिनं बाजूला सारलं आणि लुगडं मांडीवर घेतलं.

बहिणीनं विचारलं, "काऊन वं, हे काय करून राह्यली तू? त्या दोऱ्याचा रुमाल करायचा होता ना?"

"दंडावर भरते."

"पिवळ्या दोऱ्यानं? हिरव्यावर? दंड लपवाचा असते का गावाले दाखवाचा असते?"

"लपला असता तं लपवला असता, अक्काबाई. आता लपतच नाही, तं पाहण्यासारखा तं करू द्या."

"अन् नमुना काय नेशीन? माह्या भावाचं तोंड?"

यावर पत्नी हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू.

चार दिवस ती घरकाम आटोपलं की दारात उजेडाला बसायची. जोडाची शिवण हीच फांदी धरली. तिच्यावरून पिवळा साखळी टाका. फांदीला दोन्ही अंगांनी तिरपी पानं आणि दर तीन इंचांवर पांढऱ्या दोऱ्याचं कापसाचं फुटलेलं बोंड. पन्हा पंचेचाळीस इंच, म्हणजे एका दंडावर पंधरा बोंडं, दोन्हींवर मिळून तीस. गावाबाहेर तेव्हा वेचणी चालू होती, बोंड कसं फुटतं ते तिला विचारावं लागलं नाही. मधल्या गडद तुकड्यावर तिनं नुसते धावदोऱ्याचे उभे टाके घातले, वाकळीवर घालतात तसे, जवळजवळ. त्यानं तो तुकडा जोडलेला न वाटता मुद्दाम लावलेला पट्टा वाटायला लागला. निऱ्यांत जाणारा दंड कोणाला दिसणार नव्हता, तरी तिनं त्यावरही पुरी पंधरा बोंडं भरली. मी म्हणालो, तिथे वेळ कशाला घालवतेस? ती म्हणाली, "तुमच्या वहीचं पान कोणी पाहत नाही म्हणून तुम्ही बेरीज सोडता का?" गुरुवारी दिवेलागणीच्या आधी तिसावं बोंड झालं. पांढरा दोरा हातभर उरला, पिवळा अजिबात नाही.

शुक्रवारी सकाळी ती नेसून उभी राहिली आणि तिथे तिचा धीर सुटला. पदर मागून असा ओढून घेतला की दंड झाकला जावा. बहीण चुलीपाशी होती. चार दिवस तोंडानं टोमणे मारणारी ती उठली, हात पुसले आणि पदर ओढून मोकळा केला.

"आता झाकू नको. चार दिवस बोटं टोचून घेतली ते काय झाकाले? ताठ चाल."

आम्ही एसटीनं चिखलीला गेलो. पंचायत समितीच्या ओसरीवर तिच्यासह सात जणी होत्या. बाकी सहा जणींच्या हातात नमुने: रुमाल, उशीचे अभ्रे, एकीचं 'स्वागतम्' भरलेलं मोठं तोरण. एकीजवळ मशीनकामाचं प्रमाणपत्र होतं. माझ्या पत्नीच्या हातात पिशवी, आणि पिशवीत भाकरी. ओसरीवरच्या दोघी तिच्या मागच्या बाजूकडे पाहून एकमेकींच्या कानाशी लागल्या. तिला ते दिसलं. ती बसली नाही, उभीच राहिली.

तिचं नाव पुकारलं तेव्हा मी खिडकीशी होतो. आत तिघं: गटविकास अधिकारी, एक शेतकरी सदस्य आणि पुण्याकडचं बोलणाऱ्या मुख्य सेविका.

"नमुना आणलाय का?" सेविकाबाईंनी विचारलं.

"आणला."

"कुठे आहे?"

"नेसून आले."

बाई उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या. दंड पाहिला, दोन बोटांत धरून ओढला, उलटी बाजू पाहिली. उलट्या बाजूलाही गाठ नव्हती.

"जोड दिसू नये, हे शिवणकामाच्या पहिल्या धड्यात असतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही तो सजवलाय."

पत्नी म्हणाली, "बाई, वर्गाले ज्या येतील त्यांच्याकडं नवं कापड नसणार. त्या घरातलं फाटलेलंच घेऊन येतील. ते आणायची लाज वाटली तं त्या येणारच नाहीत. मंग मी शिकवू कोणाले?"

शेतकरी सदस्य म्हणाला, "ओढा ना बाई अजून. बोंड निघते का पाहू." बाईंनी खरंच जोरात ओढलं. निघालं नाही.

"पण दोन दंड कशाला?"

"एक माह्या मोजणीनं. दुसरा मालकाच्या मीटरनं."

तिघंही हसले. शेतकरी सदस्यानं खिडकीकडे मान वळवून मला पाहिलं आणि आणखी हसला. मी हललो नाही. हलणं जास्त वाईट दिसलं असतं.

मग अधिकाऱ्यांनी हसू आवरून विचारलं, "आता सगळ्या टेपा मीटरच्या येतात. गावातल्या बायका वारात बोलतात. तुम्हाला दोन्हींतला फरक सांगता येईल?"

"मीटर सव्वातीन इंचावर थोडा मोठा. चार मीटरले साडेतेरा इंच जातात. सव्वापाचले पावणेअठरा." ती थांबली. "हे पाठ नाही केलं साहेब, माह्या लुगड्यात मोजलं."

हा प्रश्न साहेबांनी आधीच्या चौघींना विचारला होता. मी खिडकीतून ऐकला होता. चौघीही गप्प बसल्या होत्या.

परतताना एसटीत तिनं मला एवढंच विचारलं, "आकडे बरोबर सांगितले ना मी?" मी म्हणालो, "बरोबर." पुढच्या शुक्रवारी, २ डिसेंबरला, पत्र आलं. पाकिटावर तिचं नाव. तिनं ते उभ्यानं फोडलं, वाचलं आणि बहिणीला दिलं. बहिणीला वाचता येत नव्हतं. तिनं ते उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाली, "झालं ना? मंग रडून काऊन राह्यली?" आणि स्वतःच पदर डोळ्याला लावला. दुसऱ्या दिवशी ती आपल्या घरी गेली.

वर्ग मारुतीच्या देवळामागच्या खोलीत सुरू झाला. पहिल्या दिवशी अकरा जणी आल्या. बहुतेकींनी फाटलेलंच आणलं होतं, एकीनं तर नवऱ्याच्या बंडीची एक बाहीच आणली होती, दुसरी हरवली म्हणून. बौद्धवाड्यातल्या तिघी पहिले दोन दिवस उंबऱ्याबाहेर बसल्या. तिसऱ्या दिवशी पत्नीनं कात्री एकच आहे असं सांगून सगळ्यांना एका सतरंजीवर घेतलं. महिनाअखेर पटावर एकोणीस नावं होती. हा पट मी लिहिलेला नाही.

मानधन वेळेवर आलं नाही. डिसेंबर-जानेवारीचं एकदम, फेब्रुवारीत मिळालं. मी सोबत गेलो होतो. समितीच्या कारकुनानं वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "इथं सही करा."

मी म्हणालो, "मानधन माझं नाही."

"मालक तुम्हीच ना? बाईमाणसाचं घरचा माणूसच घेतो."

"पट कोण भरतं, वर्ग कोण घेतं, ते या वहीत आहे. सहीही तिचीच." मी वही तिच्याकडे वळवली.

तिनं पावतीचं रेव्हेन्यू तिकीट लावलं, त्यावर पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकही अक्षर न गाळता. कारकुनानं नोटा टेबलावर ठेवल्या आणि तिनं त्या दोनदा मोजल्या. दोन महिन्यांचे रुपये ऐंशी, वजा तिकिटाचे दहा पैसे. एकोणऐंशी रुपये नव्वद पैसे तिच्या हातात देण्यात आले.