सायकलीच्या डाव्या अंगाला

पंचेचाळिशी ओलांडल्यावर गोदू पुन्हा सायकलवर बसली, तेव्हा बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात आमच्या आळीला हसायला एक विषय मिळाला. लेकीचा जुना ट्रॅकसूट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, आणि सायकलीच्या डाव्या अंगाला धावणारी दोन उंच, लांब तोंडाची, कंबरेत अगदी बारीक अशी कुत्री. पहिल्या आठवड्यात पोरं मागून शिट्ट्या मारायची. पुढे सगळ्यांना सवय झाली. दूधवाला बाजूला होऊन वाट द्यायचा, नाक्यावरचा चहावाला हात करायचा. बारवी धरणाच्या रस्त्याला सकाळी जाणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत झाली. नाव माहीत नसणारे तिला ‘कुत्रेवाली ताई’ म्हणायचे.

गोदू मूळची आटपाडीकडची. तिकडे कारवानी कुत्री घराघरात. आजोबांच्या काळी ती सशामागे सोडत, वडिलांच्या काळी शेतातून डुकरं हुसकायला. शाळा लांब होती. गोदू सायकलवरून जायची आणि घरची कुत्री ओढ्यापर्यंत तिच्या सोबत पळत यायची. कुत्रं दमलंय की नुसतं नखरे करतंय, हे तिला त्याच्या जिभेकडे बघून कळायचं. लग्न करून ती बदलापुरात आली ती रघूची बायको म्हणून. रघू अंबरनाथला एका कंपनीत पाळीवर. ती स्वतः बरीच वर्षं उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती. कारखाना बंद झाला आणि ती घरी बसली. घरी बसणं तिला मानवत नव्हतं.

अशा वेळी जयदेव आला. जयदेव तिच्या सख्ख्या मामाचा मुलगा, तिच्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. बदलापुरात जागांचे व्यवहार करायचा. मुळगावच्या पुढे बारवी रस्त्याला त्याने एक जागा घेतली होती. तिथे पत्र्याची शेड टाकून गावाकडून दोन कारवानी कुत्री आणली होती. एक पिंगट रंगाची मादी आणि एक काळसर नर.

“गोदूताई, तुझ्याशिवाय हे काम कोणाला जमायचं नाही,” तो म्हणाला. “इथल्या लोकांना कुत्रा सोफ्यावर बसवायचा एवढंच माहीत.”

“कशाला आणलीस रे एवढी जातिवंत कुत्री?”

“शर्यतीला. आपल्याकडच्या जत्रेत उतरवायची. पळतात झकास, पण लगेच दमतात. दम पाहिजे, ताई. तो तूच भरशील.”

तिने मादीचं नाव पिंगळी ठेवलं आणि नराचं काजळ्या.

काम तिने सावकाश सुरू केलं. आधी सायकल हातात धरून नुसती चालली, चाकाच्या आवाजाची कुत्र्यांना भीती राहू नये म्हणून. मग सायकलवर बसून अगदी हळू. दोर हँडलला कधीच बांधला नाही. कुत्र्याने मध्येच झेप घेतली तर दोघांचाही कपाळमोक्ष. जीन्सच्या जाड पट्ट्या शिवून तिने छातीवरून जाणारे पट्टे बनवले, म्हणजे गळ्याला ओढ बसणार नाही. कुत्री कायम डाव्या हाताला, रस्त्याच्या कडेच्या मातीवर. डांबर तापतं आणि पंजाच्या गाद्या सोलवटतात. निघण्याआधी खायला द्यायचं नाही, परतल्यावर धाप बसेपर्यंत पोटभर पाणी द्यायचं नाही. दौड नाही, दुडकी चाल. “दम चालीत भरतो,” ती रघूला सांगायची, “पळण्यात नुसता खर्च होतो.” एखादं मांजर आडवं गेलं की पिंगळीचे कान ताठ व्हायचे. गोदू जिभेने टक् असा आवाज करायची आणि पिंगळी मान वळवून तिच्याकडे बघायची. हे एवढं साधायला पावसाळ्यानंतरचा सगळा हिवाळा गेला.

ती बदलली, हे घरातल्यांना दिसत होतं. गुडघे दुखायचे थांबले. लेक किर्ती चेष्टेनं म्हणायची, “आई, तुझाच दम वाढलाय.” जयदेव अधूनमधून मोबाइलवर तिचे व्हिडिओ काढायचा आणि सगळीकडे टाकायचा. तिला लाज वाटायची, पण आतून बरंही वाटायचं. एवढ्या वर्षांत तिला जमणारी गोष्ट कुणी अशी चारचौघांत दाखवली नव्हती.

मग काही सकाळी कुत्री विचित्र वागू लागली. शेडचं दार उघडलं तरी पिंगळी उठायची नाही. काजळ्या सुरुवातीपासूनच मागे राहायचा. एकदा त्याच्या पंजांत काटे मोडलेले दिसले, एकदा पिंगळीच्या खांद्यावर लांब चीर. गोदूने स्वतःलाच दोष दिला. आपण घाई केली, अंतर फार वाढवलं, असं तिला वाटलं. तिने फेरी निम्म्यावर आणली, पंजांना हळद-तेल लावलं, आणि तो आठवडाभर तिला जेवण गोड लागलं नाही.

“ही चीर कसली रे?” तिने जयदेवला विचारलं.

“कुंपणाची तार. उडी मारायला जाते ना येडी.”

तिने त्याच दिवशी तारेचं टोक वाकवून आत घातलं.

बारवीकडच्या वाडीतला नवसू त्या रस्त्यावर तिला रोज भेटायचा, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बाजाराला निघालेला. एकदा त्याने पाटी खाली ठेवली आणि तिला थांबवलं.

“बाय, रातच्याला पण हिंडवतेस काय गं यांना?”

“रात्री? नाही बाबा. रात्री ती शेडमध्ये असतात.”

“आमच्या रानात गाडी येते. मोठी, चार-पाच मानसं. बॅटऱ्या मारतात नि कुत्री सोडतात. हीच कुत्री हायेत. मी वळखली.”

गोदू हसली. “दुसरी असतील रे. या जातीची सगळी सारखीच दिसतात.”

नवसूने पाटी उचलली आणि चालू लागला. तरी तिने जयदेवला विचारलंच. तो मोठ्यांदा हसला. “ताई, ते लोक स्वतः ससे मारतात आणि नाव दुसऱ्याचं घेतात. तू माझ्यावर विश्वास ठेवशील की त्याच्यावर?”

मामाच्या पोराला तिने कडेवर खेळवलं होतं. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला.

मार्चमधल्या एका सकाळी ती शेडवर पोचली तर वनखात्याची जीप उभी होती. जंगलात भेकर, लहान जातीचं हरीण, मेलेलं सापडलं होतं, कुत्र्यांनी फाडलेलं, मांडी कापून नेलेली. वाडीतल्या लोकांनी कळवलं होतं. शेडमध्ये काजळ्याच्या छातीवर वाळलेलं रक्त होतं आणि ते त्याचं स्वतःचं नव्हतं.  तिने जयदेवला फोन लावला. तो लागला नाही, कारण जयदेव आधीच वनखात्याच्या ऑफिसात बसून जबाब देत होता. गोदूलाही तिथेच नेलं.

वनपाल अस्मिता मॅडम शांत बाई होत्या. त्यांनी गोदूला खुर्ची दिली आणि विचारलं, “कुत्री तुमची?”

“नाही. जयदेवची. मी नुसती फिरवते.”

“ते तर म्हणतात, कुत्री ताईची. ताईच्या माहेरी शिकारीची परंपरा आहे, तीच त्यांना तयार करते, रात्री कुणाला देते मला ठाऊक नाही, मी फक्त नात्यामुळे जागा दिली.”

गोदूला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. जयदेव पलीकडच्या बाकावर होता, मान खाली घालून मोबाइल बघत. “जयदेव,” तिने हाक मारली. त्याने वर पाहिलं नाही.

मग साक्षी झाल्या. चहावाल्याने खरं तेच सांगितलं: रोज हीच बाई या कुत्र्यांबरोबर असते. दूधवाल्यानेही तेच सांगितलं. जयदेवने टाकलेल्या सगळ्या व्हिडिओंतही तीच होती, तो स्वतः एकातही नव्हता. इतक्यात कुत्र्यांना पिंजऱ्यातून उतरवलं. अनोळखी माणसांनी भेदरलेली पिंगळी दोर हिसडून सरळ धावत आली आणि गोदूच्या मांडीत तोंड खुपसून थरथरत उभी राहिली.

“आणि तुम्ही म्हणता, कुत्री तुमची नाहीत,” अस्मिता मॅडम म्हणाल्या.

पिंगळीला एका हाताने ढकलून देता आलं असतं. ढकललं असतं तर कदाचित कुणाला पटलंही असतं. गोदूने पिंगळीच्या मानेवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

रघूने धावपळ करून तिला जामिनावर सोडवून आणलं.  दुसऱ्या दिवशी जयदेवचा फोन आला.

“ताई, चिडू नकोस. तू बाईमाणूस आहेस, तुला काही होत नाही. त्या गाडीतली माणसं मोठी आहेत, माझा सगळा धंदा त्यांच्यावर आहे. थोडे दिवस तुझ्यावर घे. वकील मी बघतो.”

“भेकर तू मारलंस?”

“कुत्र्यांनी मारलं. काय पळाली, ताई! अर्धा डोंगर मागे लागली, थांबली नाहीत. तुझी मेहनत!”

हे शेवटचं वाक्य तो कौतुकानेच बोलला होता. गोदूने फोन ठेवला.

नंतर गावाहून आईचा फोन आला. तिला वाटलं, आई तरी विचारेल, पोरी कशी आहेस. आई म्हणाली, “गोदे, माझ्या भावाचं घर आहे ते. पोराचं नाव खराब करू नकोस. तुला कुठं नोकरी-धंदा आहे?”

त्या रात्री रघू तिच्याजवळ बसला तेव्हा ती म्हणाली, “केसचं मला काही नाही वाटत. जनावरांत दम मी भरला. माझ्याशिवाय ती त्या भेकराला गाठू शकली नसती. मला त्यानं हत्यार करून वापरलं रे, आणि मी रोज सकाळी आनंदानं धार लावत होते.”

 सकाळी रघूने रजा टाकली आणि दोघं वाडीवर गेले.

नवसू अंगणात होता. त्याने बसा म्हटलं नाही. “तवा सांगितलं तर हसलीस,” तो म्हणाला.

“हसले. चुकलं माझं. आता तू पाहिलंस ते ऑफिसात सांगशील?”

“रानात काय पन मेलं का पयले आमालाच उचलतात. आता मी जबाब दिला नि ती गाडीवाली मानसं माझ्या दारात आली, तर तू येशील काय आडवी?”

“येईन,” गोदू म्हणाली. तिला स्वतःलाच ते पोकळ वाटलं. नवसूलाही वाटलं असणार.  त्याची बायको बाळी आतून पाणी घेऊन आली आणि त्याला म्हणाली, “तुमी पायलंय ना? मग सांगून टाका. भेकर आपल्याच रानातलं होतं.”

नवसू जबाब द्यायला गेला, पण एकटा नाही. वाडीतले चौघे त्याच्यासोबत होते. गाडी कोणती, कुत्री कोण सोडायचं, सगळं त्यांनी सांगितलं, आणि ही बाई रात्री आम्ही एकदाही पाहिली नाही, हेही. गोदूचं नाव आरोपीतून निघून साक्षीदारांत गेलं. गाडीतल्या माणसांपैकी कुणी सापडलं नाही. जयदेव आठवडाभर आत राहिला, सुटला, आणि आता त्याचे बोर्ड शिरगावात नव्या इमारतींवर लागलेत. केस चालू आहे.

कुत्री लांबच्या एका निवाऱ्यात ठेवली आहेत. गोदू दोनदा गेली. खटला संपेपर्यंत ती कुणालाच मिळणार नाहीत. दुसऱ्या खेपेला काजळ्याने तिला ओळखलं, पण पिंगळी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. गोदूने जिभेने टक् केलं. पिंगळीचा कानही हलला नाही. त्यानंतर गोदू तिकडे गेली नाही. माहेरीही गेली नाही.

भाऊबीजेला दुपारी जयदेव दारात उभा राहिला. हातात मिठाईचा पुडा, जणू मधलं काही घडलंच नव्हतं. किर्तीने आईकडे पाहिलं. गोदूने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. पाट मांडला नाही, निरांजन लावलं नाही. तो इकडचं तिकडचं बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, दोन पिल्लं आणलीत. या वेळी खरंच शर्यतीला. वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझ्यासारखी चाल कोणी बसवू शकत नाही. एकदा येऊन बघ तरी.”

गोदू त्याच्याकडे बघत राहिली. चेष्टा नव्हती, माफीही नव्हती. आपण काय केलं ते याला खरोखरच कळलेलं नाही, हे तिला तेव्हा समजलं.

“पाणी पिऊन झालं असेल तर नीघ,” ती म्हणाली.

तो पुडा टेबलावर ठेवून गेला. गोदूने तो उचलला, जिन्यात जाऊन त्याच्या हातात दिला, वर आली आणि दार लावून घेतलं.