मृगांक उंबऱ्यावर थांबतो

वाशिंदच्या कारखान्यात औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरणाऱ्या कुणालीला जेवणाच्या सुट्टीत जेवायची नाही, गोष्ट सांगायची घाई असे. खर्डीची ही तेवीस वर्षांची पोर मोबाइलवर कादंबऱ्या वाचायची आणि डबे उघडले की तिघी मैत्रिणींपुढे अशा रंगवायची, की घास हातातच राहावा.

सध्या मृगांकची गोष्ट चालू होती. तीनशे वर्षांचा, रक्त पिणारा, राजबिंडा व्हॅम्पायर. त्याचा जीव जडला तन्वी नावाच्या साध्या मुलीवर. आता व्हॅम्पायरला बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकता येत नाही. म्हणून हा बिचारा रोज तन्वीच्या उंबऱ्याशी थांबून विचारायचा, "येऊ का?" त्या दोन शब्दांवर सगळ्याजणी फिदा होत्या. रक्ताचं कुणालाच काही वाटलं नाही. तिघींतली पाड्यावरची भिमी म्हणाली, असला जावई आला तर कोंबडी कापू, रगात त्याला नि मटण आमाला. पण विचारून आत येणारा पुरुष तिघींपैकी एकीनेही पाहिला नव्हता.

कुणालीचं स्वतःचं लग्नही ठरलं होतं, मुरबाडकडच्या वैशाखरे गावच्या सुयोगशी. मुलगा चांगला होता. परवाच त्याने फोनवर सांगितलं, लग्नानंतर तू काम सोडणार, तसं मी घरी सांगून टाकलंय. कुणाली बरं म्हणाली होती.

दुसरा भाग आला तेव्हा तिला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. रविवारी डाळ करपवून तिने तो एका बैठकीत संपवला. काय नव्हतं त्यात? डोंगरावरचा किल्ला, जुना वैरी, मृगांकच्या डोळ्यांतून लाल आसवं. फक्त लग्न झाल्यावर घर त्याचंच झालं, तेव्हा विचारणं संपलं. गाव सोडायचं त्यानेच ठरवलं आणि तन्वी पुढची चाळीस प्रकरणं नुसती मान डोलावत राहिली. कुणालीने ते भराभर सरकवलं. आपला तो बाब्या, दुसरं काय.

सोमवारी सांगताना तिने ठिगळ लावलं. मृगांकने तन्वीला विचारलं, मगच दोघं निघाली, असं सांगितलं.

"मंग ती काय बोलली?" भिमीने विचारलं.

कुणाली अडली. पुस्तकात तन्वी काहीच बोलली नव्हती. शेवटी तिने खरं काय ते कबूल केलं.

भिमीने डब्याचं झाकण लावलं. "लगीन झालं म्हंजे उंबरा जातो का गो?"

कुणालीला मृगांकचा राग आला, तन्वीचा त्याहून जास्त. आणि आपल्या त्या 'बरं'चा सगळ्यात जास्त. ती तशीच उठली, फाटकाजवळ जाऊन तिने सुयोगला फोन लावला.

"काम सोडायचं तुमी ठरवलंत," ती म्हणाली. "मला इचारलंच नाय. मला नाय सोडायचं."

सुयोग चाचरत म्हणाला, की हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, तिला विचारायला हवं होतं.

"रविवारी घरी येऊ का? बोलायला?"

कुणालीला हसू आवरेना. मागे वळून पाहिलं तर तिघीजणी डबे घेऊन दारात उभ्या. होकार ओठांवर आलाच होता, पण तिने तो लगेच दिला नाही. थांबू दे जरा उंबऱ्यावर.